मुकी पट्टी

निवृत्ती पगारे भिकनच्या दुकानात अर्धी दाढी करून बसला होता, तेव्हा रेडिओवरच्या बाईंनी सांगितलं की त्या काळात नाशकात पियानो शिकवणारं कुणीच नव्हतं. डावा गाल झाला होता. उजव्यावर साबण होता आणि भिकन वस्तरा पट्ट्यावर घासत होता. निवृत्तीनं मान वळवली. "हलू नका ना पगारे, कान जाईल," भिकन म्हणाला. "कोण बोलतंय?" निवृत्तीनं विचारलं. "काय माहीत. गाणारी हाय कोणी तरी. आपल्या नाशिकची हाय म्हणे, मुंबईला लय नाव काढलं." पण निवृत्तीला विचारायची गरज नव्हती. वाक्याच्या आधी ती बाई किंचित थांबत होती आणि त्या थांबण्यात श्वासाचा आवाज मुळीच येत नव्हता. श्वास घेताना ऐकू येता कामा नये, दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा हळूच घ्यायचा, हे या मुलीला ज्या खोलीत शिकवलं त्या खोलीत निवृत्ती अजून राहत होता. ती उत्तरा होती. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, तुमची शिकवण्याची पद्धत फार वेगळी आहे असं ऐकलं. ती म्हणाली, हो, मधल्या सप्तकातला ध मी मुलांना हातानं वाजवूच देत नाही. तिथं हात उचलायचा आणि तो स्वर गळ्यातून काढायचा. बोटांवर विसंबून राहिलेला कान आळशी होतो. हे मला पुष्कळ वर्षांच्या विचारानंतर सुचलं. मुलाखत घेणारा वा म्हणाला. मग त्यानं सांगितलं की या रविवारी सकाळी गंगापूर रोडवर बाईंच्या नव्या विद्यालयाचं उद्घाटन आहे, रसिकांनी यावं. भिकननं उजव्या गालाला वस्तरा लावला. निवृत्तीला तो गार लागला, आणि दाढी होईपर्यंत तो आरशातल्या माणसाकडे असा बघत राहिला, जसा आपण एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघतो, हा कुठं उतरणार म्हणून.

कुणीच नव्हतं. घरी येताना रस्ताभर हे दोन शब्द त्याच्या चपलांखाली वाजत होते. त्याच्या बायकोला, इंदिराला, जाऊन तिसरं वर्ष संपत आलं होतं. ती गेली तेव्हा लोकांनी त्याला सांगितलं होतं की माणूस जातं, नाव राहतं. तो एसटीच्या कचेरीत कारकून होता, शिकलेला बेताचा, त्यानं ते खरं मानलं होतं. आता एक मुलगी रेडिओवर बसून नावही घेऊन गेली. चोर निदान घर रिकामं बघून येतात. हिनं घरात कुणी राहतच नव्हतं असं सांगितलं. कुलूप उघडून तो आत आला. पियानो भिंतीला होता, त्यावर इंदिरानं विणलेला रुमाल होता, आणि रुमालावर तिचा फोटो. त्यानं फोटो उचलला आणि खाली ठेवला. आत काहीतरी उभं राहिलं होतं आणि ते बरं वाटत होतं, हे त्याच्या लक्षात आलं. बायको गेल्यापासून त्याला कशाचीच भूक राहिली नव्हती. आज लागली होती.

इंदिराची आई शरणपूरला मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला होती. बंगल्यात मिस एडिथ नावाची बाई मुलींना पियानो शिकवायची आणि इंदिरा स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसायची. एकदा एका मुलीला काही केल्या स्वर सापडेना, तेव्हा दारातून लसूण सोलता सोलता हिनं तो लावला. मिस उठून आली. इंदिराला वाटलं आता मार. मिसनं तिचे हात हुंगले, साबणानं धुवायला लावले आणि पियानोपाशी बसवलं. पण झाकण उघडलं नाही. बंद झाकणावर बोटं ठेवायची आणि गायचं. "आधी तू गा, मग बोट," मिस आपल्या मोडक्या मराठीत म्हणायची. महिनाभर इंदिरानं लाकूड वाजवलं. हे ती निवृत्तीला लग्नानंतर सांगायची तेव्हा बंगल्यातला तो वास, मेण आणि जुनी पुस्तकं आणि तिच्या स्वतःच्या बोटांचा न जाणारा लसूण, सगळं त्याला यायचं. धम्मदीक्षेनंतरच्या दुसऱ्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं. लग्नात तिनं स्वतःच वंदना म्हटली आणि चांदवडहून आलेल्या त्याच्या चुलत्यांनी माना खाली घातल्या, कारण नवरीनं गायलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. धोंडीराम चुलता नंतर म्हणाला, "निवृत्ती, पोरगी चांगली हाय, पण घरात तुझा आवाज निघायचा नाय." निघाला नाहीच. तिनं त्याला किती वेळा पियानोपाशी बसवायचा प्रयत्न केला. तो म्हणायचा, आमच्या चांदवडच्या गळ्यातून कांद्याशिवाय काही निघत नाही. ती हसायची. म्हणायची, एक स्वर तर म्हणा, अहो, एकच. तो उठून जायचा.

मिस एडिथ कायमची आपल्या देशाला निघाली तेव्हा पियानो इंदिराला देऊन गेली. निवृत्ती आणि वस्तीतले चार जण हातगाडी घेऊन गेले. शरणपूर रोडवरून मागच्या गल्लीत वळताना गाडीचं एक चाक गटारात गेलं आणि पियानो कलला. सगळ्या तारा एकदम वाजल्या. भर दुपारी सगळी गल्ली बाहेर आली, कुणाला वाटलं देऊळ पडलं. घरी नेऊन इंदिरानं एकेक पट्टी दाबून बघितली. सगळ्या बोलल्या. मधला ध बोलला नाही. पट्टी खाली जायची, वर यायची, आतून लाकडावर लाकूड आपटल्याचा ठक असा आवाज यायचा, बस. आतली हातोडी मानेपाशी मोडली होती. देवळाली कॅम्पातला माणूस येऊन बघून गेला, म्हणाला, तुकडा मुंबईहून मागवावा लागेल. तेव्हा ते जमण्यासारखं नव्हतं. इंदिरा दोन दिवस त्या पट्टीसमोर उदास बसली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या लताबाईंची पोरगी शिकायला आली तर इंदिरा तिला म्हणाली, इथं पट्टी मुकी आहे, इथं तू बोल. आणि त्या पोरीनं हात उचलून ध लावला. तो इतका स्वच्छ लागला की बाहेर कपडे वाळत घालणाऱ्या लताबाई आत बघायला आल्या, काय वाजलं म्हणून.

पुढे त्याला बढती मिळाली तेव्हा तो स्वतः म्हणाला, आता मागवून टाकू ती हातोडी. इंदिरा म्हणाली, नको. त्याला वाटलं काटकसर करते. ती म्हणाली, "तसं नाही हो. बाकी सगळ्या पट्ट्यांवर पोरं नुसती बोटं ठेवतात. त्या एका पट्टीपाशी आली की थांबतात आणि ऐकतात. आणि एकदा तिथं ऐकलं की मागचं पुढचं सगळं ऐकायला लागतात. ती दुरुस्त केली तर मी काय शिकवू?" देवळालीचा माणूस पुन्हा एकदा तुकडा घेऊनच दारात आला होता. तिनं त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. निवृत्तीनं हे ऐकलं होतं आणि तेव्हा त्याला बायकोचा थोडा रागच आला होता, धडधाकट वस्तू मोडकी ठेवायची म्हणजे काय. इंदिराची शिकवणी अशीच होती, जे घरात असेल त्यातून. हाताला गोलाई यावी म्हणून चांदवडहून आलेल्या पोत्यातला लहान कांदा मुलांच्या तळव्याखाली द्यायची आणि म्हणायची, वाजव, पण कांदा ठेचला तर आजची भाजी तुझ्या घरी. गळा उघडावा म्हणून जांभई द्यायला लावायची. सगळी खोली जांभया द्यायची, आणि कचेरीतून दमून आलेला निवृत्तीही दारात उभा राहून द्यायचा. "गळ्यानं रस्ता बघून यायचा, मग बोटांनी जायचं," ती म्हणायची. तिनं कधी कुणाच्या हातावर पट्टी मारली नाही. चुकलं की एकच म्हणायची, अजून जरा वर.

उत्तरा आठ वर्षांची असताना आली. वडील वकील, गंगापूर रोडला तेव्हा नुकताच बंगला बांधलेला, मिशनच्या शाळेतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की पियानो शिकायचा तर पगारेबाई. ते स्वतः कधी आले नाहीत. मोटार शरणपूर रोडवर उभी राहायची आणि मुलगी मागच्या गल्लीनं चालत यायची, गळ्यात पाण्याची बाटली. पहिल्या दिवशी इंदिरानं तिला तांब्याभांडं पुढे केलं तर ती म्हणाली, "आईनं सांगितलंय आपलंच प्यायचं." मुलीला त्यात काही कळत नव्हतं, ती फक्त सांगितलेलं सांगत होती. खोलीत आणखी चार-पाच मुलं होती, वस्तीतली. त्यांना कळलं. पोरं बघायला लागली. इंदिरानं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "बरोबर आहे तिचं. गाणाऱ्यानं आपलं पाणी आपल्याजवळ ठेवायचं. उद्यापासून सगळ्यांनी बाटली आणायची." दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या गळ्यात बाटल्या. कुणी औषधाची रिकामी बाटली दोरीला बांधून आणली. आणि ती शिस्तच होऊन गेली, उत्तरा गेल्यावरही राहिली, पुढे आलेल्या मुलांना ती कशासाठी हे माहीतही नव्हतं. त्या रात्री जेवताना निवृत्ती म्हणाला, हिला का ठेवून घेतेस. इंदिरा म्हणाली, कान चांगला आहे. तो म्हणाला, कानाचं काय घेऊन बसलीस. ती म्हणाली, "तिच्या आईला शिकवायला नाही घेतलं मी."

नऊ वर्षं शिकली. मग मुंबईला गेली. सुरुवातीला दिवाळीला यायची, पायाशी वाकायची नाही पण पेढे आणायची. मग पेढे यायचे, ती यायची नाही. मग काहीच नाही. आणि इंदिराला कावीळ झाली, पोटात उतरली, डॉक्टरांनी नुसतं निवृत्तीच्या खांद्यावर हात ठेवून बघितलं. तेव्हा ती एकदा म्हणाली, उत्तरा नाशकात आलीय म्हणे, सणाला. निवृत्ती सायकल काढून गंगापूर रोडला गेला. वकीलसाहेब बागेत होते. त्यांनी फाटक उघडलं नाही, फाटकाच्या वरूनच ऐकून घेतलं. आतून पियानो ऐकू येत होता, नवा, सगळ्या पट्ट्या बोलणारा. "ती रियाजाला बसली आहे. निरोप देतो," ते म्हणाले. निवृत्ती परत आला. येईल म्हणाली, असं त्यानं खोटंच सांगितलं. इंदिरा त्या दिवशी लताबाईंकडून वेणी घालून घेऊन बसली. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर तिला बसता येईना. निवृत्तीच्या मनात ती वेणी राहिली होती. लोकांच्या मनात मरणाचं काहीबाही राहतं, शेवटचा घोट, शेवटचा शब्द. याच्या मनात घट्ट, तेल लावून घातलेली वेणी आणि दाराकडे वळवलेलं तोंड.

रविवारपर्यंत तो कचेरीत नीट काम करत होता आणि आतून दुसरंच करत होता. आधी वाटलं वकिलाच्या फाटकावर जाऊन बोंब मारावी. मग वाटलं पियानो कुऱ्हाडीनं फोडून त्याचं सरपण तिच्या विद्यालयाच्या पायरीवर टाकावं. हे तो कढी ढवळताना मनात करायचा, आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावर काय येईल तेवढंच बघायचा. तो चेहरा त्याला पुरत नव्हता, पुन्हा करावं लागायचं. एकदा इतका रमला की कढी उतू गेली. लताबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "भावजी, कुणाशी बोलताय?" "कुणाशी नाही." "नाही कसं? चांगलं तावातावानं चाललंय. इंदिराशी बोलत असाल तर बोला, मी काही म्हणत नाही." "तिच्याशी नाही." त्या म्हणाल्या, "मग जपून." शनिवारी संध्याकाळी त्यानं पियानोची पुढची फळी काढली. आत तारांची रांग होती आणि तारांपुढे हातोड्यांची, एकसारखी, पांढऱ्या लोकरी नमद्याच्या टोप्या घातलेली. मधेच एक दात पडल्यासारखी जागा. मोडलेलं डोकं खाली धुळीत पडून होतं, बावीस वर्षं. त्यानं ते उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. अंगठ्याएवढं. ते त्यानं खिशात टाकलं आणि झोपला, आणि फार दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

रविवारी गंगापूर रोडवरचा हॉल भरला होता. पुढच्या रांगेत वकीलसाहेब होते, आता म्हातारे, काठी टेकून. निवृत्ती मागे जागा असूनही तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. शेजारच्या माणसानं त्याच्या टोपीकडे बघितलं आणि पाय आवरून घेतले. व्यासपीठावर काळा चकचकीत पियानो होता आणि त्याच्या बाजूला दहा-बारा मुलं, सगळ्यांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या. निवृत्ती त्या बाटल्यांकडे बघत राहिला. रंगीत होत्या, प्लॅस्टिकच्या, नव्या. खिशातल्या हातोडीभोवती त्याची मूठ आवळली. उत्तरा आली. अंगानं भरली होती. ती बोलायला उभी राहिली, समोर नजर फिरवली आणि तिसऱ्या रांगेवर तिची नजर थांबली. तिनं हात जोडले, साधेच, कार्यक्रमाचे नव्हेत. निवृत्तीनं हात खिशातून काढला नाही.

मग मुलं वाजवायला लागली. एकेक जण येऊन बसायचा आणि बाकीची उभी राहून गायची. सा रे ग म प, आणि मग हात उचलला, एखाद्या फुलपाखरावर ठेवलेला असावा तसा, आणि सगळ्या गळ्यांतून ध आला. निवृत्तीला कुणीतरी छातीवर बोट ठेवून ढकलल्यासारखं झालं. तो स्वर त्याच्या घरातला होता. कचेरीतून येताना गल्लीच्या तोंडाशी तो ऐकू यायचा आणि मग त्याला कळायचं, ती घरी आहे. जांभई दिल्यासारखी उघडी तोंडं, श्वासाबरोबर वर न गेलेले खांदे, अलगद उचललेला हात, सगळं तिचं. तीन वर्षं त्यानं ते ऐकलं नव्हतं. एक लहान मुलगी जरा खाली पडली, तर उत्तरा तिच्याकडे न बघता पुटपुटली, आणि तिसऱ्या रांगेतूनही त्याला तिच्या ओठांवरून कळलं. अजून जरा वर. उठून जावं, असं निवृत्तीला वाटलं. बाहेर जाऊन उसाचा रस प्यावा आणि घरी जावं. खरंच तो अर्धा उठला. मग कुणी पाहुणे माइकसमोर आले आणि म्हणाले की हा अभिनव प्रयोग आहे, बाईंच्या प्रतिभेतून आलेला, नाशिकला अशी परंपराच नव्हती ती आज सुरू होते आहे. निवृत्ती पुन्हा बसला. वेणी आठवली. पाहुणे म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

"मला विचारायचंय," निवृत्ती उभा राहून म्हणाला.

"विचारा ना, काका," उत्तरा म्हणाली. काका हा शब्द माइकमधून सगळ्या हॉलभर गेला आणि तिचं तिलाच दचकायला झालं.

"तो ध हातानं का नाही वाजवायचा?"

ती म्हणाली की कानाला काम मिळावं म्हणून. नीट म्हणाली, इंदिरा म्हणायची तसंच, एका पट्टीपाशी थांबून ऐकलं की मागचं पुढचं ऐकू येतं.

"हे कुठं सुचलं तुम्हाला?"

ती वडिलांकडे बघत नव्हती, पण बघत नाही हे दिसत होतं. "मुंबईत," ती म्हणाली.

निवृत्तीनं खिशातून हातोडी काढली आणि दोन बोटांत धरून वर केली. "ही बघा. ही त्या ध ची हातोडी. शरणपूर रोडच्या मागं माझ्या घरी पियानो आहे, त्यातली. हातगाडीवरून आणताना गटारात मोडली. ही बाई नऊ वर्षं माझ्या घरी येऊन त्या मोडक्या पट्टीवर शिकली. ध वाजतच नव्हता, म्हणून तोंडानं म्हणायची. माझी बायको शिकवायची, इंदिरा पगारे."

वकीलसाहेबांची काठी खाली पडली आणि कुणी उचलली नाही. उत्तराचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्यातलं सगळं निघून गेलं, आणि निवृत्तीनं तो बघितला, कढी ढवळताना बघायचा त्याहून सावकाश, पोटभर. याच्यासाठीच आलो होतो, असं त्याच्या मनात स्पष्ट आलं. आणि मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पद्धत नव्हे, रिपेअरी राहिली होती." एक जण हसला. मग दोन. मग सगळा हॉल. चांगली माणसं होती, वाईट मनानं हसत नव्हती, गंमत वाटली म्हणून हसत होती. मुलंही हसायला लागली. निवृत्तीला अजून बोलायचं होतं. देवळालीचा माणूस तुकडा घेऊन दारात आला होता आणि इंदिरानं त्याला परत पाठवलं, ते सांगायचं राहिलं होतं. तेच खरं सांगायचं होतं. "पण ऐका," तो म्हणाला. "बसा आजोबा, बसा, कळलं," पाहुणे हसता हसता म्हणाले. शेजारचा माणूस त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बहोत खूब. काय पण पियानो, गटारातला." आणि तो पुन्हा हसला. हातोडी निवृत्तीच्या हातातच होती.

तो बाहेर पडला तशी उत्तरा मागच्या दारानं आली. कडुनिंबाखाली सायकलीचं कुलूप काढत असताना ती समोर उभी राहिली.

"काका, नाव घ्यायचं होतं तर मला एकटीला सांगायचं होतंत."

"तुला माहीत नव्हतं नाव?"

"माहीत होतं."

"ती तुझ्यासाठी वेणी घालून बसली होती. दोन दिवस."

उत्तराला काही कळलं नाही. मग हळूहळू कळलं. "मला निरोप मिळाला नाही," ती म्हणाली. निवृत्तीला ते खरं वाटलं आणि त्याचा त्याला राग आला. "तीन वर्षं झाली जाऊन. तेही नाही कळलं?" ती म्हणाली, "कळलं होतं. कुठल्या तोंडानं येणार होते?" आणि पुढे म्हणाली, "ती बाटली मी येताना गटारात ओतायची. रोज. पाणी बाईंकडचंच प्यायचे, माठातलं. घरी आजही कुणाला माहीत नाही."

"मग हे सांग रेडिओवर."

"आता?" ती म्हणाली. "आता सांगितलं तर हसतील. मला नाही, काका. त्यांना."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती गेली. निवृत्ती सायकलवर बसला. रस्त्यात त्यानं एकदा सगळं पुन्हा मनात करून बघितलं, हातोडी वर धरलेली, काठी पडलेली, तिचा चेहरा. अजून गोड लागत होतं. घरी येऊन त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. लताबाईंना हकीकत सांगितली. त्यांनी सगळी ऐकली आणि विचारलं, "आणि इंदिरानं मुद्दाम तशी ठेवली होती, ते सांगितलंत ना?" तो म्हणाला, सांगू दिलं नाही. लताबाई धुणं उचलून आत गेल्या.

तो पंधरवडा त्यानं गंगापूर रोड टाळला. कचेरीत एकानं विचारलं, पगारे, गटारातला पियानो म्हणे तुमच्याकडे? ते वाक्य शहरात फिरत होतं. भिकननंही दाढी करताना विचारलं, "खरं हाय का हो, वहिनींना रिपेअरीचे पैसे मिळाले नाय म्हणून पोरांना तोंडानं ध म्हणायला लावायच्या?" निवृत्ती म्हणाला, तसं नाही. "मग कसं?" निवृत्ती सांगायला लागला आणि भिकननं तोंडावर साबण फासला.

मग एका संध्याकाळी कचेरीतून सुटल्यावर त्याची सायकल आपोआप तिकडे वळली. विद्यालय म्हणजे वकिलाच्या बंगल्याची खालची, व्हरांड्याची खोली होती. व्हरांड्यातल्या खुंट्यांवर बाटल्या ओळीनं टांगल्या होत्या, लाल, निळ्या, हिरव्या. आत मुलं होती. तो फाटकाबाहेर पाय टेकून उभा राहिला. सा रे ग म प. आणि मग ध आला. पियानोतून आला, चांगला, खणखणीत, तारेचा. त्यामागं नी आला आणि वरचा सा आला. कुणी थांबलं नाही. खिडकीतून एक मुलगा दिसत होता, त्याचा हात पट्ट्यांवरून सरळ वर गेला, जसा रस्त्यानं कुणीही जातो. पुन्हा सा रे ग म प ध. निवृत्तीनं सात-आठ वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, या वेळी हात उचलतील. एकदा एका मुलीनं उचललाही. आतून उत्तराचा आवाज आला, "नाही, नाही. वाजव. आता वाजवायचा." मग त्या मुलीनंही वाजवला. बाटल्या तेवढ्या वाऱ्यानं हलत होत्या.

घरी येऊन त्यानं दिवा लावला. फळी काढून हातोडी होती त्या जागी, धुळीत ठेवली, आणि फळी लावली. ती जोडायचा विचार त्याच्या मनात आला नाही. रुमाल बाजूला केला, फोटो उचलून खिडकीत ठेवला आणि स्टुलावर बसला. या स्टुलावर तो आजवर कधी बसला नव्हता. ते त्याला उंच झालं. मधला ध शोधायला वेळ लागला नाही. बाकीच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या आणि एवढी एक जरा पांढरी होती, मुलं तिला हात लावत नसत म्हणून. त्यानं दाबली. ठक झालं. पुन्हा दाबली, पुन्हा ठक. मग त्यानं सा पासून एकेक पट्टी बोटानं दाबली, म आला, प आला, आणि प नंतर हात उचलला. जांभई आल्यासारखं तोंड उघडलं. आवाज निघाला तो खरखरीत निघाला आणि खालीच पडला, हे त्यालाही कळलं. त्यानं तो तसाच धरून ठेवला, दम पुरेपर्यंत. संपल्यावरही हात खाली आणला नाही. भिंतीपलीकडे लताबाईंच्या घरातली भांडी वाजायची थांबली होती. कुणीतरी अजून जरा वर म्हणेल म्हणून निवृत्ती हात उचलून तसाच बसून राहिला.